टॅक्सचा वकील ते के स्ट्रीट: साहेबांचा सेंडऑफ आणि मी भरलेले फॉर्म

ओसरी

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, चहा घेऊनच बसा.

मागच्या शुक्रवारी आमच्या साहेबांचा सेंडऑफ झाला. आख्खं ऑफिस त्यांना पहिल्या नावाने हाक मारतं, मीही मारते, पण डोंबिवलीच्या सीएकडे चार वर्षं काढलेली असल्यामुळे मनात मात्र साहेबच. वॉशिंग्टनला के स्ट्रीटच्या, म्हणजे लॉबीइंग फर्मसाठी प्रसिद्ध रस्त्याच्या, जवळ ऑफिस आहे. फर्मचं नाव विचारू नका. २००६ पासून मी तिथे कारकुनी करते. पण माणसाची सगळी कारकीर्द ज्या कागदावर उतरते तो कागद इतकी वर्षं मीच भरत आले, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथे लॉबीइंग, म्हणजे क्लायंटकडून पैसे घेऊन त्याला हवा तसा कायदा व्हावा म्हणून खासदारांना आणि अधिकाऱ्यांना पटवणं, हा उघड धंदा आहे. १९९५ च्या कायद्यानुसार लॉबीस्टची नोंद सिनेटच्या सचिवांकडे आणि प्रतिनिधीगृहाच्या क्लार्ककडे करावी लागते. नवा क्लायंट आला की एलडी-१ भरायचा, मग दर तिमाहीला एलडी-२. पूर्वी वर्षातून दोनदाच असायचं, २००८ पासून चारदा झालं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, २० तारीख. त्या आठवड्यात घरी खिचडीच असते हे नवऱ्याला सांगावं लागत नाही.

एलडी-१ मध्ये एक रकाना आहे: हा माणूस आधी सरकारात कुठल्या जागेवर होता? पूर्वी मागच्या २ वर्षांचंच लिहावं लागे, २००७ च्या सुधारणेने ती मुदत २० वर्षं केली. साहेबांचा हा रकाना ऑफिसात सगळ्यात भरगच्च. लहान गावातला मुलगा, वडील शेतीच्या अवजारांचे सुटे भाग विकायचे. कायद्याची पदवी, त्यावर टॅक्समध्ये एलएलएम. मग जॉइंट कमिटी ऑन टॅक्सेशनमध्ये सात वर्षं. ही १९२६ पासूनची, दोन्ही सभागृहांची मिळून समिती. तिथले वकील आणि अर्थतज्ज्ञ कुठल्याच पक्षाचे नसतात. करात बदल सुचवला की पुढच्या दहा वर्षांत तिजोरीत किती येईल, किती जाईल याचा आकडा हेच काढतात. त्याला इथे ‘स्कोअर’ म्हणतात. स्कोअर वाईट आला तर भलेभले प्रस्ताव तिथेच आडवे होतात. तिथून साहेब सिनेटच्या फायनान्स कमिटीत टॅक्स कौन्सेल, म्हणजे कराचे कायदेसल्लागार, झाले आणि २००१ च्या शेवटी बाहेर पडून आमच्याकडे आले. पगार एका दिवसात तिप्पट झाला, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. सांगताना हसले नव्हते.

वरिष्ठ कर्मचाऱ्याला बाहेर पडल्यावर एक वर्ष जुन्या जागी लॉबीइंग करता येत नाही. ते वर्ष साहेबांनी क्लायंटना कायदा समजावून सांगण्यात काढलं. फोन करायचा नाही, पण फोन केला तर पलीकडचा काय म्हणेल ते सांगायचं. त्याचे पैसे आधीपासूनच पुरेपूर मिळत होते!

लोकांना वाटतं लॉबीस्ट म्हणजे गोल्फ, व्हिस्की आणि पाकीट. असेही असतील. टॅक्सवाल्याचं काम मात्र पेन्सिलीचं. एकच उदाहरण देते. पवनचक्क्यांना इथे वीजनिर्मितीवर करसवलत मिळायची. अट अशी की ठरलेल्या तारखेच्या आत चक्की ‘वापरात आलेली’ असली पाहिजे. सवलतीची मुदत २०१२ अखेर संपत होती. २ जानेवारी २०१३ ला ओबामांनी जो कायदा सही केला त्यात मुदत एक वर्षाने वाढली, आणि अट बदलून झाली की २०१३ संपायच्या आत ‘बांधकाम सुरू’ झालेलं असावं. बस्स, एवढंच. पण चक्की उभी करून वीज चालू करायला दोन-दोन वर्षं लागतात, आणि सुरू करायला? पुढे महसूल खात्याने खुलासा काढला. पायाचं खोदकाम म्हणजे काम सुरू, किंवा एकूण खर्चाच्या ५ टक्के खर्च झाला तरी काम सुरू. मुदतवाढ आणि हा शब्दबदल मिळून दहा वर्षांचा स्कोअर होता सुमारे १२ अब्ज डॉलर.

हे साहेबांनी केलं असं मी म्हणत नाही हं, त्या कलमावर आख्खा उद्योग ठाण मांडून बसला होता. पण तो कायदा आल्याच्या सकाळी साहेब प्रिंटआउटवर त्या ओळीखाली बोट ठेवून उभे होते. आपल्याकडे सोनार दुसऱ्याने घडवलेला दागिना उन्हात धरून बघतो ना, तसे. म्हणाले, “हे ज्याने लिहिलं त्याला कुठे थांबायचं ते कळतं.”

मला इतकी वर्षं एकच गोष्ट टोचत आलीय. हे कुठे थांबायचं ते कळायला साहेबांना जी वर्षं लागली, त्यांचा पगार करदात्यांनी दिला. आणि ते कळल्यावर त्याचं बिल जाऊ लागलं क्लायंटला.

तुम्हाला काय वाटतं?

---

वरणफळ

छान लिहिलंय. पण ताई, साध्या मराठीत याला दलाल म्हणतात ना? आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसतो तो आणि हा, फरक टायचाच?

---

जुना हिशेबनीस

वरणफळ, फरक आहे. आरटीओवाला फॉर्म पुढे सरकवतो. हे लोक फॉर्मवर काय छापायचं तेच ठरवतात.

मी मुंबईत ४५ वर्षं प्रत्यक्ष करात घालवली. आमच्या पिढीला टॅक्सचा वकील म्हणजे नानी पालखीवाला. ‘कांगा-पालखीवाला’ १९५० चं, आमच्या टेबलावर ज्ञानेश्वरीसारखं असे. बजेटनंतरचं त्यांचं भाषण ऐकायला मी दादरहून ब्रेबॉर्न स्टेडियमला गेलो आहे. कराच्या दरांवर बोलणाऱ्या माणसाला ऐकायला स्टेडियम भरत होतं, आजच्या पोरांना खरं वाटणार नाही. हातात कागद नाही, आकडे तोंडपाठ. पुढे १९७७ ते ७९ ते अमेरिकेत आपले राजदूत होते, म्हणजे ओसरीताईंच्याच गावात. त्यांना लॉबीस्ट म्हणायची माझी छाती नाही, पण सरकारचं करधोरण बदलावं म्हणून ते जाहीरपणे भांडत होतेच. फक्त समोर मैदान होतं, बंद खोली नव्हती.

भारतात हा धंदा वेगळ्या जागी चालतो, कारण आपली यंत्रणाच वेगळी. अमेरिकेत करविधेयक प्रतिनिधीगृहाच्या समितीत शिजतं, मग सिनेटच्या समितीत, आणि प्रत्येक सभासद त्यात मीठ घालू शकतो. आपल्याकडे वित्त विधेयक मंत्रालयातून तयार होऊन येतं. राज्यसभा सूचना करू शकते, पण मानायच्या की नाही ते लोकसभेच्या हातात. मग खासदाराला भेटून उपयोग काय? भेटायचं ते अर्थ मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना. प्रत्यक्ष करासाठी टीपीएल, अप्रत्यक्षसाठी टीआरयू, हे तिथले करधोरण बघणारे विभाग. बजेटच्या आधी फिक्की, सीआयआय, पुण्याची मराठा चेंबर, सगळ्यांची निवेदनं जातात. मीही आमच्या संघटनेची पंधरा वर्षं लिहिली. एकदा आमची एक ओळ जशीच्या तशी बजेटच्या परिशिष्टात दिसली तेव्हा घरी पेढे आणले होते. बायको म्हणाली, पगार वाढला का? म्हटलं नाही, स्वल्पविराम मान्य झाला.

---

तिरकस

हिशेबनीस काका, पेढ्यांबद्दल आदर आहेच. पण ओसरी यांनी साहेबांना जरा मऊ गादीवर बसवलंय असं वाटतं.

या धंद्याचे मूळपुरुष बघा. हॉलिवूडचे स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयर यांचं प्रकरण घ्या. १९५१ च्या करकायद्यात एक कलम आलं: ज्या नोकरदाराने २० वर्षांहून जास्त काळ नोकरी केली, ज्याला नफ्यात हिस्सा मिळण्याचा हक्क किमान १२ वर्षं होता, त्याला नोकरी सोडताना त्या हक्कापोटी मिळालेली एकरकमी रक्कम पगार न धरता भांडवली नफा धरावी. म्हणजे कर निम्म्याहून कमी. नाव कुणाचंच नाही, पण माप एकाच माणसाच्या अंगाचं. कलम घडवून आणणारे एल्सवर्थ अल्व्हर्ड. हेही वॉशिंग्टनचे टॅक्सचे वकील, आणि त्याआधी ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्याकडे काम केलेले. सत्तर वर्षांपूर्वी रकाना तोच, माणूस दुसरा.

१९८६ चा तो मोठा सुधारणा कायदा घ्या. त्यात एक सवलत होती “१३ ऑक्टोबर १९१६ रोजी डेलावेअरमध्ये नोंदलेल्या मोटार उत्पादकाला”. त्या तारखेला नोंदलेली मोटार कंपनी एकच, जनरल मोटर्स. आपल्याकडे जाहिरातीत ‘वधू गोरी, उंच, कोकणस्थ, अमुक गल्लीतली’ असं लिहिल्यासारखं झालं हे.

---

सातारी कंदी

तिरकस =)) ‘अमुक गल्लीतली’ ला फुटलो.

वाचनखूण साठवली.

---

ओसरी

तिरकस, १९८६ काढलंत ते बरं झालं, साहेबांचा तो लाडका विषय. तेव्हा ते विद्यार्थी होते. फायनान्स कमिटीच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लॉबीस्ट इतके दाटलेले असत की पायातल्या महागड्या बुटांवरून त्याला ‘गुची गल्च’ म्हणजे गुचीची घळ असं नाव पडलं. आत सभासद एकेका उद्योगाची सवलत परत घालत सुटले होते, विधेयक भोकं पडलेल्या चाळणीसारखं झालं. तेव्हा अध्यक्ष बॉब पॅकवूड यांनी काम थांबवलं, आपल्या मुख्य सहायकाला घेऊन जवळच्या आयरिश टाइम्स नावाच्या पबमध्ये गेले आणि दोन पिचर बीअरवर ठरवलं की असं नाही जमत तर सगळ्याच सवलती कापू आणि दर एकदम खाली आणू. थोड्याच दिवसांत समितीत २० विरुद्ध ० मतांनी मंजूर! सर्वोच्च दर ५० टक्क्यांवरून २८ वर आला. घळीतले सगळे बूट बघत राहिले.

आणि आता पुढचं. हेच पॅकवूड १९९५ मध्ये महिलांशी गैरवर्तनाच्या प्रकरणात सिनेट सोडून गेले आणि मग स्वतःची फर्म काढून लॉबीस्ट झाले. वारसा कर रद्द व्हावा म्हणूनही त्यांनी काम केलं.

अवांतर: आता बूट साधे झालेत. २००७ नंतर लॉबीस्टला खासदाराला किंवा त्याच्या स्टाफला जेवण देता येत नाही. बसून खायचं जेवण बंद, उभ्याने टूथपिकला टोचून खाता येईल एवढंच चालतं. याला खरोखर टूथपिक नियम म्हणतात. रिसेप्शनचा मेनू मीच ठरवते. एकदा मी बटाटेवडे सुचवले होते, लहान करून, टोचता येतील असे. चालले! हिरवी चटणी मात्र वाटीत ठेवता येईना, कारण वाटी आली की चमचा आला आणि चमचा आला की जेवण झालं असं आमच्या नियमवाल्या बाईंचं म्हणणं.

---

बाल्टिमोरकर

मी दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. माझं फार्मसीचं छोटं दुकान आहे. आमच्या संघटनेचा दरवर्षी ‘फ्लाय-इन’ असतो, म्हणजे सगळ्यांनी एक दिवस वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या खासदाराला भेटायचं. पहिल्या वर्षी मी सूट शिवून घेतला. खासदार मतदानाला गेलेले. भेटली त्यांची टॅक्स बघणारी सहायक, वय फार तर चोवीस, आमच्या धाकटीएवढी. खोली रिकामी नव्हती म्हणून कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच बोललो. बारा मिनिटं. पोरगी हुशार, वहीत भराभरा लिहून घेत होती, पण घसारा म्हणजे काय हे मीच तिला सांगितलं. निघताना तिने विचारलं, तुमच्याकडे याचा मसुदा आहे का, कलमाच्या भाषेत?

माझ्याकडे कुठला असणार! माझ्याकडे दुकानाचं कार्ड होतं.

तेव्हा कळलं ओसरीताईंचे साहेब कशाचे पैसे घेतात.

---

ओसरी

बाल्टिमोरकर, नेमकं. तिथली पोरं दोन-तीन वर्षं टिकतात, मग घरभाडं परवडेना म्हणून बाहेर पडतात. हे कलम १९९३ मध्ये का घातलं, तेव्हा कुणी विरोध केला, हे लक्षात असणारं माणूस आत उरतच नाही. साहेबांना लक्षात असायचं. त्यामुळे कधी कधी आतलेच लोक त्यांना फोन करून विचारत. म्हणजे संसदेची स्मरणशक्ती आमच्या सातव्या मजल्यावर भाड्याने ठेवलेली.

---

तिरकस

ताई, याच वाक्यावर थांबा. संसदेची स्मरणशक्ती भाड्याने, आणि भाडं भरणारा कोण? २०१७ च्या करकायद्याच्या वेळी काय झालं आठवतंय का? १ डिसेंबरची रात्र, सिनेट मतदानाला बसलेलं, आणि जवळजवळ पाचशे पानांच्या विधेयकाच्या समासात हाताने दुरुस्त्या खरडलेल्या. सिनेटर जॉन टेस्टर यांनी ते पान कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं होतं, वाचता येत नव्हतं. क्लेअर मॅकॅस्किल यांनी सांगितलं की कोणत्या दुरुस्त्या आत जाणार याची यादी त्यांना लॉबीस्टांकडून मिळाली. सिनेटरला सिनेटचं विधेयक के स्ट्रीटवरून कळतं! शेवटी जो कायदा झाला त्यात कंपन्यांचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला.

शिवाय तुमच्या त्या एलडी-२ मधून जनतेला कळतं तरी काय?

---

ओसरी

फार कमी, हे मान्य. मी भरते म्हणून सांगते. क्लायंटचं नाव. मिळालेली रक्कम, जवळच्या दहा हजारांत. विषयाचा तीन अक्षरी कोड, आमचा कायम ‘टीएएक्स’. कुणाला भेटलात? तर फक्त ‘सिनेट, प्रतिनिधीगृह, ट्रेझरी’. कुठल्या सिनेटरला, कधी, काय बोललात, हे विचारतच नाहीत. नेमका मुद्दा लिहायला मोकळी जागा असते. नवीन असताना मी तिथे इमानेइतबारे सहा ओळी लिहिल्या. साहेबांनी पेन्सिलीने पाच खोडल्या. राहिलं ते ‘करसुधारणेशी संबंधित मुद्दे’. खोटं एक अक्षर नाही.

आणि ज्याचा क्लायंटसाठीच्या कामातला २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबीइंगमध्ये जातो त्याला नोंदणीच लागत नाही. आमच्याच मजल्यावर दोन ‘धोरण सल्लागार’ आहेत. त्यांची घड्याळं फार काटेकोर.

---

जुना हिशेबनीस

तरीही ताई, तुमच्याकडे तो तुटका फॉर्म आहे म्हणून आम्हाला इथे बातमी मिळाली होती. २०१२ चा डिसेंबर आठवा. वॉलमार्टने अमेरिकेत भरलेल्या याच अहवालांत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय लिहिलेला होता. २००८ पासूनचा सगळ्या विषयांचा मिळून खर्च अडीच कोटी डॉलर. आपल्या संसदेत केवढा गदारोळ झाला, मुद्गल चौकशी समिती बसली. भारतात लॉबीइंगसाठी काय झालं हे आपल्याला अमेरिकेच्या कागदावरून कळलं! आपल्याकडे असा कायदाच नाही. २०१३ मध्ये एक खासगी विधेयक आलं होतं, ते तसंच गेलं.

आपल्याकडे दाबही वेगळ्या तऱ्हेने येतो. २०२४ च्या जुलैच्या बजेटात घरविक्रीवरचं इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं, काढलं. माझ्या वयाचे सगळे पेटले, कुणाकडे लॉबीस्ट नव्हता, पण प्रत्येकाकडे १९८५ चा फ्लॅट होता. ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती आणली, २३ जुलैच्या आधी घेतलेल्या घराला जुना २० टक्के इंडेक्सेशनसह किंवा नवा साडेबारा, जो कमी पडेल तो.

---

एलएलबी तिसरं वर्ष

धागा एका दमात वाचला. मला टॅक्स पॉलिसीतच जायचंय. मुंबईत राहून असं करिअर शक्य आहे का? आणि ओसरी मॅडम, तुमचे साहेब चांगले होते की वाईट, ते अजून कळलं नाही.

---

जुना हिशेबनीस

बाळा, आधी सनद आणि नोकरी यातलं काय ते ठरव. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिलच्या नियमाने वकिली थांबवावी लागते. मोठ्या सल्लागार फर्मच्या पॉलिसी टीममध्ये आज वकील, सीए आणि महसूल सेवा सोडून आलेले अधिकारी शेजारी शेजारी बसतात. पण तिथे शिरण्याआधी चार-पाच वर्षं अपिलाचं काम कर. कलम कोर्टात कसं फाटतं ते बघितल्याशिवाय शिवता येत नाही.

---

तिरकस

आणि उलट्या वाटेची माणसंही वाच. स्टॅन्ली सरी, हार्वर्डचे प्राध्यापक. १९५७ मध्ये त्यांनी काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) आणि करलॉबीस्ट यांच्यावर निबंध लिहिला, मेयर प्रकरणासारख्या कलमांची चिरफाड करणारा, आणि मग १९६१ ते ६९ ट्रेझरीत करधोरण सांभाळलं. करसवलत हाही सरकारी खर्चच, तो खर्च म्हणूनच मांडा, हा विचार त्यांचा. किंवा एडवर्ड क्लाइनबार्ड. वॉल स्ट्रीटच्या क्लायंटसाठी दोन दशकं टॅक्सची वकिली, मग २००७ मध्ये ती सोडून ओसरींच्या साहेबांच्या त्याच जॉइंट कमिटीत कर्मचारीप्रमुख. पगार तिथे एका दिवसात किती पट कमी झाला असेल!

---

वरणफळ

माझा दलाल शब्द मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धा.

---

ओसरी

वरणफळ, अर्धा पुरे.

विद्यार्थीमित्रा, चांगले की वाईट म्हणशील तर मलाही सांगता येत नाही. क्लायंटच्या विरुद्ध जाणारा मुद्दा ते आतल्या लोकांपासून लपवत नसत. एकदा फसवलं तर पुन्हा फोन उचलला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या शिफारसपत्राला त्यांनी तीन रात्री घालवल्या. आणि अशी एक सवलत वाचवायला आठ वर्षं खपले जी काढून टाकली असती तर त्यांच्या स्वतःच्या गावच्या शाळेचं भलं झालं असतं, हे तेच म्हणाले होते. सेंडऑफला केक कापताना कुणीतरी विचारलं, पुन्हा केलं असतं का? ते म्हणाले, कमिटीतली सात वर्षं नक्की. पुढचं काही बोलले नाहीत, केकच्या तुकड्यांकडे बघत राहिले.

त्यांचा तो भरगच्च रकाना २००७ च्या कायद्यातल्या वीस वर्षांच्या हिशेबाने केव्हाच संपला होता. २०२१ अखेर २० वर्षं भरली, त्यानंतरच्या नव्या क्लायंटच्या फॉर्मवर मी तो कोरा ठेवत आले. कागदावर साहेब कधी सरकारात नव्हतेच.

आता २० तारीख आलीय. एलडी-२ च्या शेवटी एक जागा असते, या क्लायंटसाठी यापुढे लॉबीस्ट म्हणून काम न करणाऱ्याचं नाव लिहायची. त्यांचे क्लायंट सतरा. काल संध्याकाळपर्यंत अकरा झाले, सहा उरलेत.